कूट हूमींची पत्रे आणि अड्यारचे कपाट

१८७९ सालच्या एप्रिल महिन्यात, मुंबईचा उकाडा परदेशी पाहुण्यांना दुःसह होऊ लागला असता, माथेरान आणि खंडाळा अशी वाट करीत एक लहानशी मंडळी कार्ल्याच्या लेण्यांपाशी येऊन पोचली. तीत सत्तेचाळीस वर्षांच्या, स्थूल देहाच्या आणि सदोदित सिगारेट ओढणाऱ्या एक रशियन बाई होत्या. अमेरिकेच्या यादवी युद्धात लष्करी पुरवठ्यातील अफरातफरी हुडकून काढण्याची कामगिरी बजावलेले, भरघोस दाढीचे एक कर्नल होते. मुंबईच्या व्यापारी वर्गातील मुळजी ठाकरसी हे प्रतिष्ठित गृहस्थ होते आणि दिमतीला बाबूराव नावाचा नोकर होता. लेणी पाहता पाहता बाई दगडात कोरलेल्या एका लहानशा कोठडीत शिरल्या आणि, कर्नलसाहेबांनी पुढे आपल्या आठवणींत लिहिले त्याप्रमाणे, दिसेनाशा झाल्या. कोठडीला दुसरे दार नव्हते. कर्नलांनी भिंती तपासल्या, परंतु दगडावाचून काहीच हाती लागले नाही. आणि काही वेळाने बाई पुन्हा समोर येऊन उभ्या राहिल्या तेव्हा, आतल्या एका गुप्त दालनात आपणांस ज्यांना भेटावयाचे होते त्यांना भेटून आलो, एवढाच खुलासा त्यांनी केला.

या बाई म्हणजे हेलेना पेत्रोव्हना ब्लॅव्हॅट्स्की आणि ते कर्नल म्हणजे हेन्री स्टील ऑल्कॉट. थिऑसॉफिकल सोसायटी या जगभर पसरलेल्या संस्थेचे हे दोघे प्रमुख संस्थापक. कार्ल्याच्या या सहलीची आणखी एक हकिकत उपलब्ध आहे आणि ती खुद्द बाईंच्या लेखणीतून उतरलेली आहे. ‘राद्दा-बाई’ या टोपणनावाने मॉस्कोच्या एका वृत्तपत्रासाठी त्यांनी हिंदुस्थानातील प्रवासवर्णन रशियन भाषेत लिहिले. त्यात याच डोंगरवाटेने जाणाऱ्या मंडळींबरोबर गुलाब सिंग नावाचा एक गूढ रजपूत ठाकूर आहे, ज्याचे ज्ञान अथांग आणि सामर्थ्य अलौकिक आहे. कर्नलांच्या हकिकतीत प्रवासाला निघालेल्या माणसांत असा ठाकूर आढळत नाही. प्रवास तोच, लेणी तीच, आणि तरीही एकीत जे गृहस्थ दगडी भिंतीआड राहिले ते दुसरीत सर्वांसमक्ष घोड्यावरून फिरतात, संभाषण करतात, प्रवाशांना संकटातून सोडवतात. ललित लेखनात एवढी मोकळीक घेण्यास कोणाची हरकत असू नये. परंतु याच लेखिकेने अशा भेटींना आपल्या तत्त्वज्ञानाचा आधारस्तंभ केला, म्हणून या दोन हकिकतींमधील अंतर हा पुढे साऱ्या जगाचा प्रश्न झाला.

बाईंचा जन्म १८३१ साली रशियन साम्राज्यातील येकातेरिनोस्लाव येथे, म्हणजे आजच्या युक्रेनमधील द्निप्रो शहरात, एका उमराव घराण्याशी संबंध असलेल्या कुटुंबात झाला. आई कादंबरीकार होती. १८४९ मध्ये वयाने बऱ्याच मोठ्या असलेल्या निकिफोर ब्लॅव्हॅट्स्की या अधिकाऱ्याशी त्यांचा विवाह झाला आणि थोड्याच महिन्यांत त्या नवऱ्याचे घर सोडून निघून गेल्या. त्यानंतरच्या जवळजवळ पाव शतकाचा त्यांचा वृत्तान्त बहुतांशी त्यांच्याच शब्दांवर अवलंबून आहे. १८५१ मध्ये लंडनमध्ये आपल्याला आपले गुरू प्रत्यक्ष देहाने भेटले, बालपणापासून स्वप्नांत दिसणारी आकृती तीच हे आपण ओळखले, आणि त्यांच्याच आज्ञेने पुढे तिबेटात जाऊन आपण विद्या संपादन केली, असे त्या सांगत. ज्या काळात तिबेटची सरहद्द परकीयांना बंद होती त्या काळात एका युरोपीय स्त्रीने तेथे वर्षानुवर्षे राहावे ही गोष्ट अशक्य नसली तरी असाधारण खास होती, आणि तिला स्वतंत्र पुरावा कधीच मिळाला नाही. १८७३ साली त्या न्यू यॉर्कला आल्या. पुढल्या वर्षी व्हरमाँटमधील एका शेतघरात, जेथे मृतात्मे प्रकट होतात म्हणून गर्दी जमे, त्यांची कर्नल ऑल्कॉटशी गाठ पडली. १८७५ मध्ये सोसायटी स्थापन झाली आणि १८७७ मध्ये त्यांचा ‘आयसिस अनव्हेल्ड’ हा द्विखंडात्मक ग्रंथ प्रसिद्ध होऊन पहिली आवृत्ती हातोहात खपली.

१६ फेब्रुवारी १८७९ रोजी दोघे मुंबईच्या बंदरात उतरले आणि गिरगावात बिऱ्हाड करून राहिले. सत्ताधारी वंशाच्या मनुष्याने हिंदू धर्माला अंधश्रद्धा म्हणावे आणि पाद्र्याने मूर्तीची टवाळी करावी, अशा त्या दिवसांत एका गोऱ्या ग्रंथकर्त्रीबरोबर आलेल्या एका गोऱ्या कर्नलाने फ्रामजी कावसजी सभागृहात उभे राहून, तुमच्या पूर्वजांच्या ज्ञानापुढे पाश्चात्त्य विज्ञान अद्याप बाल्यावस्थेत आहे, असे सांगावे, याचा त्या पिढीच्या मनावर काय परिणाम झाला असेल याची कल्पना आज आपल्याला प्रयत्नपूर्वकच करावी लागते. सरकारने त्यांच्या मागे गुप्त पोलिसांचा ससेमिरा लावला, त्यामुळे लोकांचा विश्वास उलट वाढलाच असावा. जातिभेदावर निर्भीडपणे लिहिणारे आणि तुकारामांच्या गाथेची आवृत्ती छापणारे तुकाराम तात्या पडवळ यांच्यासारखा विचारी मनुष्य या मंडळींत सामील झाला. स्वामी दयानंद सरस्वतींशी प्रथम सख्य जुळले, परंतु १८८२ मध्ये त्यांनी या पाहुण्यांशी असलेला संबंध मुंबईतच जाहीरपणे तोडला.

बाईंच्या सांगण्याचा मथितार्थ असा होता : हिमालयापलीकडे काही सिद्ध पुरुषांचे मंडळ आहे, ते देहधारी मनुष्यच आहेत, मात्र तपाने त्यांनी निसर्गाच्या सूक्ष्म नियमांवर प्रभुत्व मिळविले आहे, त्यांतील मोर्य आणि कूट हूमी हे दोघे सोसायटीच्या कार्यावर लक्ष ठेवून आहेत, त्यांच्याशी आपले दळणवळण आहे, आणि ते इच्छेस येईल तेव्हा आपली पत्रे क्षणार्धात कोठेही प्रकट करू शकतात. यातील अखेरच्या कलमाकडे वाचकांनी विशेष लक्ष द्यावे. आधीची कलमे श्रद्धेच्या प्रांतातील आहेत आणि त्यांची शहानिशा करण्याचे साधन कोणापाशीच नाही. परंतु पत्र हा जिन्नस आहे, त्याला कागद असतो, शाई असते, हस्ताक्षर असते, आणि ते छतावरून पडले तर छत तपासता येते.

१८८० च्या शरद ऋतूत सिमल्यास हे जिन्नस विपुल प्रमाणात प्रकट होऊ लागले. ‘पायोनियर’ या अलाहाबादच्या वजनदार इंग्रजी पत्राचे संपादक आल्फ्रेड पर्सी सिनेट यांच्या घरी बाईंचा मुक्काम होता. ३ ऑक्टोबर रोजी मंडळी वनभोजनास निघाली तेव्हा सहा जणांच्या हिशेबाने सहा पेले-बशा घेतल्या होत्या. ऐन निघतेवेळी सातवे गृहस्थ येऊन मिळाले आणि चहाच्या वेळी एक पेला कमी पडला. कोणी तरी थट्टेने बाईंना म्हणाले की आता आपणच तो निर्माण करावा. बाईंनी इकडे तिकडे फिरून एक जागा दाखविली. जेवणाच्या सुरीने तेथली माती आणि झाडांची मुळे उकरली गेली आणि आतून नेमका त्याच नमुन्याचा पेला व बशी निघाली. त्याच संध्याकाळी, पुढे राष्ट्रीय सभेचे जनक म्हणून प्रसिद्धीस आलेले ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांच्या घरी मेजवानी असता, त्यांच्या पत्नीला पूर्वी हरवलेला एक दागिना आठवला आणि तो बागेतील फुलांच्या ताटव्यात सापडला. उपस्थितांनी त्या हकिकतीवर सह्या केल्या. पाच वर्षांनंतर तपासणी अधिकाऱ्याने नोंदवून ठेवले की तशाच वर्णनाचा एक दागिना बाईंनी सिमल्याला जाण्यापूर्वी मुंबईतल्या एका जवाहिऱ्याकडे दुरुस्तीस दिला होता.

त्याच महिन्यापासून सिनेटसाहेबांना कूट हूमींची पत्रे येऊ लागली. ती शंभराहून अधिक आहेत आणि आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत सुरक्षित आहेत. त्यांत विश्वाची उत्पत्ती आहे, मरणोत्तर अवस्थांचे विवेचन आहे, तशीच सोसायटीच्या अंतर्गत कारभाराविषयी आणि अमक्या तमक्या सभासदाच्या स्वभावाविषयी पुष्कळशी ऐहिक चर्चाही आहे. या पत्रांच्या आधारावर सिनेट यांनी १८८१ मध्ये ‘द ऑकल्ट वर्ल्ड’ हे पुस्तक लिहिले, ते युरोपात गाजले, आणि त्याच पुस्तकाने पहिले संकट ओढवून घेतले. हेन्री किडल नावाच्या अमेरिकन अध्यात्मवाद्याने १८८३ मध्ये एका लंडनच्या साप्ताहिकाला कळविले की त्यात छापलेल्या कूट हूमींच्या पत्रातील एक उतारा आपल्या ऑगस्ट १८८० मधील व्याख्यानातून जवळजवळ शब्दशः उचललेला आहे. महात्म्यांकडून यथावकाश खुलासा आला : आपण मजकूर मनोमन सांगितला, तो कागदावर उमटविण्याचे काम एका तरुण शिष्याकडे होते, आपण थकलेले होतो, आणि किडल यांच्या व्याख्यानाचा हवाला देऊन त्याचे खंडन करणारी वाक्ये अस्पष्ट राहून गळून पडली. हा खुलासा प्रामाणिकपणे वाचणाऱ्याला एक अडचण जाणवल्यावाचून राहत नाही. गळालेल्या वाक्यांनी अर्थ नेमका उलटा होतो आणि उरलेल्या वाक्यांनी मात्र सुसंगत परिच्छेद तयार होतो, असा योग लेखनव्यवसायात ज्याने आयुष्य घालविले आहे त्याच्या पाहण्यात सहसा येत नाही.

डिसेंबर १८८२ मध्ये सोसायटीचे मुख्य ठाणे मुंबईहून मद्रासजवळील अड्यार येथे नदीकाठच्या प्रशस्त बागबंगल्यात हलले. वरच्या मजल्यावर, बाईंच्या शयनगृहाला लागून असलेल्या खोलीत, भिंतीवर एक लाकडी कपाट टांगलेले होते. त्याला सर्वजण ‘देव्हारा’ म्हणत. त्यात महात्म्यांच्या तसबिरी असत, भक्त त्यात पत्रे ठेवीत, दार बंद होई आणि पुन्हा उघडले की उत्तर आलेले असे. ऑगस्ट १८८३ मध्ये, बाई उटकमंडला गेल्या असता, जनरल मॉर्गन नावाचे वृद्ध लष्करी अधिकारी हा देव्हारा पाहण्यास आले. घराचा कारभार पाहणाऱ्या मादाम कूलोम यांनी दार झटक्याने उघडले तेव्हा आतली चिनी मातीची बशी खाली पडून तिचे तुकडे झाले. तुकडे फडक्यात गुंडाळून पुन्हा आत ठेवण्यात आले, दार लावले, आणि पाच-दहा मिनिटांत उघडून पाहिले तो बशी अखंड, आणि सोबत महात्म्यांचे एक पत्र. जनरलसाहेबांनी ही हकिकत पूर्ण विश्वासाने प्रसिद्ध केली. पुढे तपासात मद्रासच्या एका दुकानाची नोंद हाती आली. त्या घटनेच्या सुमारे महिनाभर आधी तेथून तशा बशांची जोडी विकली गेली होती.

एमा कूलोम यांची आणि बाईंची ओळख १८७० नंतरच्या आरंभीच्या वर्षांत कैरोत झालेली होती. दिवाळे निघाल्यावर हे दांपत्य १८८० मध्ये सिंहलद्वीपातून मुंबईला आश्रयास आले; बाईंनी एमाला घरव्यवस्थेवर नेमले आणि तिचा सुतारकामात निष्णात असलेला नवरा अलेक्सी डागडुजी पाहू लागला. फेब्रुवारी १८८४ मध्ये बाई आणि कर्नल युरोपला गेले, त्यांच्या पश्चात कारभारी मंडळाशी कूलोमांचा कज्जा विकोपास गेला आणि मे महिन्यात दोघांना अड्यारमधून घालवून देण्यात आले. सप्टेंबरात ‘मद्रास ख्रिश्चन कॉलेज मॅगझिन’ या मिशनऱ्यांच्या मासिकात बाईंनी एमाला लिहिलेली म्हणून जी पत्रे छापली गेली त्यांत कपाटात कोणते पत्र केव्हा ठेवावे, कोणाची समजूत कशी करावी, याविषयी उघड सूचना होत्या. देव्हाऱ्याच्या पाठीमागे सरकती फळी होती, भिंतीला भोक होते आणि ते बाईंच्या शयनगृहात निघत असे. फेटा बांधलेला एक पुतळा चांदण्या रात्री खांद्यावर घेऊन आपला नवरा फिरत असे आणि लांबून तो महात्मा म्हणून दाखविला जाई. असे एमाचे म्हणणे होते. बाईंनी ही सर्व पत्रे बनावट असल्याचे सांगितले.

लंडनमध्ये १८८२ साली स्थापन झालेल्या सोसायटी फॉर सायकिकल रिसर्च या संस्थेने या प्रकरणाची तहकिकात करण्याचे मनावर घेतले आणि डिसेंबर १८८४ मध्ये रिचर्ड हॉजसन नावाचा, मेलबर्नमध्ये जन्मलेला आणि केंब्रिजमध्ये शिकलेला तरुण अड्यारला येऊन पोचला. वयाच्या तिशीच्या आतला हा मनुष्य अतींद्रिय गोष्टींचा जन्मजात वैरी नव्हता. उत्तरायुष्यात अमेरिकेत एका माध्यमबाईच्या प्रयोगांनी मृतात्म्यांशी संवाद शक्य आहे अशी त्याची खात्री पटली, ही गोष्ट त्याच्या हेतूविषयी बोलताना विसरता कामा नये. त्याने तीन महिने अड्यार, मद्रास, मुंबई अशी वारी केली, साक्षीदारांच्या जबान्या घेतल्या, खोल्यांचे नकाशे काढले. देव्हारा मात्र त्याला पाहावयास मिळाला नाही, कारण कूलोमांच्या आरोपानंतर आश्रमातील काही मंडळींनी तो मोडून जाळून टाकला होता. निर्दोषत्वाचा एवढा मोठा मुद्देमाल ज्यांच्या ताब्यात होता त्यांनी तो स्वहस्ते नष्ट करावा, याचे समर्थन त्यांच्या मित्रांनाही पुढे करता आले नाही. डिसेंबर १८८५ मध्ये त्या संस्थेच्या कार्यवृत्तात सुमारे दोनशे पानांचा अहवाल प्रसिद्ध झाला : कूट हूमींची पत्रे मुख्यतः बाईंनीच लिहिली, अद्भुत प्रकार हातचलाखीचे होते, आणि बाई म्हणजे इतिहासातील अत्यंत कुशल तोतयांपैकी एक होत. या उद्योगामागे रशियाची हेरगिरी असावी, असा एक तर्कही हॉजसनने केला. त्याला त्याच्यापाशी पुरेसा आधार नव्हता.

बाईंना न्यायालयात फिर्याद करावयाची होती. डिसेंबर १८८४ मध्ये त्या युरोपातून परत आल्या त्या याच निश्चयाने; परंतु सोसायटीच्या अधिवेशनाने नेमलेल्या समितीने, ज्यात कायदेपंडित होते, त्यांना फिर्यादीपासून परावृत्त केले, कारण उलटतपासणीत महात्म्यांचे अस्तित्वच वादाचा विषय झाले असते आणि पवित्र नावांची विटंबना झाली असती. ३१ मार्च १८८५ रोजी, प्रकृती पार ढासळलेली असताना, त्यांनी हिंदुस्थान सोडले आणि त्या पुन्हा कधीही परत आल्या नाहीत.

दुसरी बाजू ऐकल्याशिवाय निकाल देणे हा अन्याय होईल. कूलोम दांपत्य हाकलले गेलेले होते आणि सूडाला त्यांच्यापाशी कारण होते. फळ्या आणि भोके बाईंच्या गैरहजेरीत अलेक्सीने मागाहून केली, ती अपुरी आणि ताजी होती, असे अड्यारच्या रहिवाशांनी सांगितले. ज्या पत्रांवर सर्व इमारत उभी होती ती मूळ पत्रे आज कोठेही उपलब्ध नाहीत. शंभर वर्षांनी, १८८६ च्या उंबरठ्यावरील त्या निकालाचा फेरविचार खुद्द त्याच संस्थेच्या नियतकालिकात झाला. हस्ताक्षर आणि बनावट दस्तऐवज यांचे तज्ज्ञ असलेले, संस्थेचे जुने सभासद व्हर्नन हॅरिसन यांनी १९८६ मध्ये हॉजसनच्या अहवालाची कठोर चिकित्सा केली आणि हा अहवाल निष्पक्ष तपासणी नसून एकतर्फी फिर्यादीचे भाषण आहे, त्यातील हस्ताक्षरविषयक अनुमाने टिकत नाहीत, असे मत मांडले. अनेक थिऑसॉफिस्टांनी याचा अर्थ बाई निर्दोष ठरल्या असा घेतला. हॅरिसन यांचे प्रतिपादन तसे नव्हते. आरोप सिद्ध झाला नाही आणि महात्मे होते हे सिद्ध झाले या दोन विधानांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

याशिवाय १८९० नंतरच्या दशकात विल्यम एमेट कोलमन यांनी ‘आयसिस अनव्हेल्ड’ मधील उताऱ्यांची छाननी करून दाखविले की सुमारे शंभर अर्वाचीन पुस्तकांतून जवळपास दोन हजार उतारे मूळ ग्रंथकारांचा यथायोग्य निर्देश न करता घेतलेले आहेत. कोलमन हे बाईंचे कट्टर विरोधक होते हे खरे. तरी उताऱ्यांची तुलना ही हाडवैऱ्याने केली म्हणून खोटी होत नाही.

सर्व कागद पुढे ठेवले असता माझे मत असे झाले आहे की हॉजसनने ज्या रीतीने निकाल लिहिला ती सदोष होती, परंतु सिमल्याचा दागिना, मद्रासच्या बशा, किडल यांचा उतारा आणि जाळून टाकलेले कपाट या चार गोष्टी एकत्र घेतल्यावर हे प्रकार अलौकिक होते असे मानण्यास समंजस मनुष्याला जागा उरत नाही. बाईंना ध्यानात कोणाचे दर्शन झाले की नाही, याविषयी मी एक अक्षरही लिहिणार नाही, कारण तो अधिकार कोणालाच नाही. त्यांनी दर्शनाची साक्ष म्हणून वस्तू पुढे केल्या, आणि त्या वस्तू कसोटीला उतरल्या नाहीत.

या प्रकरणात ज्याची मला सर्वांत अधिक कणव येते तो मात्र आपल्यातला एक तरुण आहे. दामोदर केशव मावळणकर हा १८५७ साली अहमदाबादेत जन्मलेला, सधन महाराष्ट्रीय ब्राह्मण कुळातला मुलगा. लहानपणी जिवावरच्या दुखण्यात त्याला एका तेजस्वी पुरुषाचे दर्शन झाले होते. १८७९ मध्ये मुंबईला सोसायटीत दाखल झाल्यावर महात्म्यांच्या तसबिरीत त्याला तीच मुद्रा दिसली. त्याने जातीचे बंधन झुगारले, वडिलांच्या इस्टेटीवर पाणी सोडले, घर आणि पत्नी यांच्यापासून तो दूर झाला, आणि ‘द थिऑसॉफिस्ट’ मासिकाच्या कचेरीत रात्रंदिवस खपू लागला. पत्ते लिहिणे, हिशेब ठेवणे, पुरवण्या रवाना करणे, हे सर्व त्याच्या अंगावर असे. नोव्हेंबर १८८३ मध्ये कर्नलांबरोबर जम्मूला महाराजांचा पाहुणा असताना तो एकाएकी नाहीसा झाला आणि दोन-तीन दिवसांनी परतला तो, कर्नलांच्या शब्दांत सांगावयाचे तर, सावळा, कणखर आणि निराळाच होऊन. आपण गुरूंच्या आश्रमात जाऊन आलो असे त्याने सांगितले. हॉजसनच्या अहवालात हाच दामोदर बाईंचा साथीदार म्हणून नोंदविला गेला. ज्या मनुष्याने या व्यवहारात मिळवले काहीच नाही आणि गमावले सर्वस्व, त्याला कारस्थानी म्हणणे मला पटत नाही. कदाचित त्याने काही ठिकाणी श्रद्धेच्या भरात डोळे मिटून घेतले असतील.

फेब्रुवारी १८८५ मध्ये, अड्यारमध्ये तपासाचे वादळ घोंघावत असताना, दामोदर बोटीने कलकत्त्याला गेला, तेथून दार्जिलिंगला, आणि एप्रिलमध्ये सिक्कीमच्या वाटेने तिबेटच्या दिशेने निघाला. एका टप्प्यावर त्याने हमालांना सामान आणि रोजनिशी देऊन माघारी धाडले आणि तो पुढे एकटा गेला. बर्फात गोठलेले एक प्रेत सापडल्याची वार्ता नंतर आली. सोसायटीतील कित्येकांनी ती मानली नाही आणि तो गुरूंजवळ पोचला असेच धरून चालले. त्यावेळी तो अठ्ठावीस वर्षांचाही नव्हता. चमत्काराने कोणाचे काय बिघडते, असा प्रश्न जे विचारतात त्यांना मला या मुलाचे नाव सांगावेसे वाटते.

महाराष्ट्रातील वाचकाला गूढ दर्शनाची गोष्ट नवी नाही. तुकोबांना माघ शुद्ध दशमीला गुरुवारी स्वप्नात बाबाजी चैतन्यांनी उपदेश केला, असे त्यांनीच सांगितले आहे. शिऊरच्या बहिणाबाईंना तुकोबांनी स्वप्नात अनुग्रह दिला, प्रत्यक्ष भेट त्यानंतर झाली. या अनुभवांवर शंका घेण्याचा प्रसंग कोणावर आला नाही, याचे कारण लोक भोळे होते हे नव्हे. तुकोबांनी तो अनुभव सांगितला आणि तेथेच सोडून दिला. त्यावर कोणाला वर्गणीदार केले नाही, स्वप्नातल्या गुरूंकडून इतरांना पत्रे आणविली नाहीत, आणि ऋद्धिसिद्धींना तर आपल्या संतपरंपरेने परमार्थाच्या वाटेवरील विघ्नेच मानले. मॅडम ब्लॅव्हॅट्स्की यांनाही अखेरीस हे उमगले असावे. चमत्कारांची ही हौस आपल्या कार्याला घातक ठरली, अशा आशयाचे विचार त्यांच्या शेवटच्या वर्षांच्या लेखनात आणि पत्रव्यवहारात आढळतात, आणि १८८८ चा ‘द सिक्रेट डॉक्ट्रिन’ लिहिताना त्यांनी बशा-पेल्यांचा आधार घेतला नाही.

येथे एक युक्तिवाद हटकून पुढे येतो. याच ‘सिक्रेट डॉक्ट्रिन’चे परीक्षण लिहिण्याच्या निमित्ताने ॲनी बेझंट बाईंपाशी आल्या आणि पुढे हिंदुस्थानच्या राजकारणात आणि शिक्षणात त्यांनी केलेले कार्य सर्वश्रुत आहे, लंडनमध्ये शिकणाऱ्या तरुण गांधींना भगवद्गीतेकडे प्रथम वळविले ते दोन थिऑसॉफिस्ट गृहस्थांनी, आणि ब्लॅव्हॅट्स्कींच्या पुस्तकाने हिंदू धर्माविषयीचा मिशनऱ्यांनी पसरविलेला गैरसमज आपल्या मनातून दूर केला, असे गांधींनी स्वतः लिहून ठेवले आहे. मग ज्या वृक्षाला अशी फळे आली त्याचे बी खोटे कसे? हे ऋण मी आदरपूर्वक मान्य करतो. परंतु गांधींना जे उपकारक झाले ते गीतेचे वाचन. त्याला अड्यारच्या भिंतीतील भोकाची गरज नव्हती. आपल्या धर्मग्रंथांचे मोल आपल्याला पटावे यासाठी अदृश्य सिद्धांची पत्रे लागली, ही त्या काळच्या पराधीन मनाची व्यथा होती, आणि त्या व्यथेचा उपयोग करून घेण्यात आला हे मला त्या सर्व प्रकरणातील सर्वांत दुखरे स्थान वाटते.

८ मे १८९१ रोजी लंडनमध्ये इन्फ्लुएन्झाच्या साथीत बाईंचे देहावसान झाले, तरी पत्रे थांबली नाहीत. संस्थापकांपैकीच एक असलेले आणि अमेरिकेतील शाखेचे प्रमुख विल्यम क्वान जज यांच्यामार्फत महात्म्यांचे संदेश येत राहिले, त्यांतील काही संदेश जज यांनीच लिहिले असा आरोप आता खुद्द सोसायटीतून झाला, आणि तो लावण्यात ॲनी बेझंट यांचा पुढाकार होता. जुलै १८९४ मध्ये लंडनला चौकशी समिती बसली. तिच्यापुढे हस्ताक्षरे, मोहरा आणि कागद मांडता आले असते. समितीने मात्र असा निर्णय दिला की पत्रे खरी की खोटी हे ठरविण्यासाठी आधी महात्मे आहेत की नाहीत हे ठरवावे लागेल, सोसायटीने त्या बाबतीत कोणतेही मत सभासदांवर बंधनकारक केलेले नाही, म्हणून हा विषय आपल्या अखत्यारीबाहेरचा आहे. दुसऱ्याच वर्षी, एप्रिल १८९५ मध्ये, अमेरिकेतील शाखांनी बहुमताने सोसायटीशी संबंध तोडला.